बंदुकीच्या दुकानात आता काय खपतं?

(दृश्य: शटर वर जातं. काचेचं कपाट. ट्रिगर गार्डमधून ओवलेली लोखंडी साखळी, तिला कुलूप.)

पश्चिम महाराष्ट्रातलं हे दुकान. वरच्या रांगेत बर्मिंगहॅमच्या दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका आहेत, ग्रीनर आणि वेब्ली अँड स्कॉट या कंपन्यांच्या. शिकार हा संस्थानिक आणि इनामदारांचा थाट होता, तेव्हाचा हा माल. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचं गिऱ्हाईक संपलं. दुनळी तरीही विकली जात राहिली, ती शेतकऱ्यामुळे. पीक राखायला परवान्याची बंदूक हवीच असायची. कोकणात तर अजूनही शेतसंरक्षणाचे परवाने घरोघर जपून ठेवलेले सापडतात.

(दृश्य: दुकानातल्या दुरुस्तीच्या मिस्त्रींचे हात. दुनळी बिजागरीपाशी उघडून नळ्या उजेडाकडे धरतात.)

नळीवरची ही नागमोडी नक्षी नीट बघा. ही डमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, गजाभोवती गुंडाळायच्या आणि तापवून ठोकत ठोकत जोडायच्या. नक्षी त्या पिळातूनच उमटते. ही नळी बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली. आजचं काडतूस हिला झेपत नाही, नळी फाटू शकते. हे मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात, ऐकणारा वैतागेपर्यंत.

डावी नळी टोकाशी जरा जास्त आवळलेली असते, छर्रा लांबवर पांगू नये म्हणून. दस्ता अक्रोडाचा. त्याला जवसाचं तेल तळव्यानेच चोळायचं आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली की लाकूड चिकट राहतं. हे काम शिकायला आता कुणी येत नाही.

(दृश्य: काडतुसाचं पितळी बूड, अगदी जवळून.)

बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली पुण्याची खडकीची. १८६९ पासूनचा हा कारखाना. बंदूक विलायती असली तरी तिचं काडतूस मात्र खडकीचं.

(दृश्य: मधली फळी. निळसर काळी रिव्हॉल्व्हरं.)

ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. आधी आलेली विलायती पिस्तुलं हातोहात फिरू लागली, लाखांच्या भावाने. गिऱ्हाईकही बदललं. बिल्डर, सराफ, पेट्रोल पंपाचे मालक. यांना खांद्याला अडकवायचं नव्हतं, कमरेला लावायचं होतं. ०.३८ आणि ९ मिमी नळीच्या मापाचं हत्यार सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून पसंती ०.३२ ची. गिऱ्हाइकाची आवड म्हणतात ती इथे अर्धी तरी कायद्याने ठरवलेली असते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणलं, खास महिलांसाठी म्हणून. वजन जेमतेम ५०० ग्रॅम, पर्समध्ये मावणारं. किंमत सव्वा लाखाच्या घरात, तेव्हा किती पर्सना झेपणार! पुढे वेब्ली अँड स्कॉट हे नावही परत आलं, पण आता उत्तर प्रदेशातल्या संडीलाहून.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आली. घरोघरी आधी सोडली गेली ती आजोबांची दुनळी. वरची रांग भरलेली दिसते ती त्यामुळे, खप आहे म्हणून नव्हे. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, हेही त्याच कायद्यात आलं. आणि निवडणूक लागली की बहुतेकांना हत्यार जमा करावं लागतं, ते वेगळंच.

(दृश्य: गल्ल्याजवळचं काउंटर. रांगेत मांडलेले पेलेटचे, म्हणजे एअर रायफलीच्या छोट्या गोळ्यांचे गोल डबे. शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि तिचे वडील.)

आणि ही आजची खरी विक्री. २००८ ला नेमबाजीत अभिनव बिंद्राचं ऑलिंपिक सुवर्ण, २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत जगज्जेती, २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं कांस्य. स्वप्निलचा प्रकार ५० मीटरचा, त्या ०.२२ रायफलीला परवाना लागतो. मुलं सुरुवात करतात ती दहा मीटरपासून. ०.१७७ ची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना मिळते, त्यामुळे या दुकानात पहिल्यांदाच बायका-मुलं बिनधास्त येतात. आमच्या मते या धंद्यात इतकी चांगली गोष्ट याआधी घडली नव्हती.

पेलेटचं टोक चपटं असतं, कागदात गोल, स्वच्छ भोक पडावं म्हणून. निशाणाच्या मधोमध असलेला, दहा गुणांचा ठिपका किती? अर्धा मिलिमीटर. वजनात थोडा फरक पडला तरी नेम हलतो, असं सांगत मुलं एकेक डबा निवडून घेतात. जर्मन रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. पालक आधी भाव ऐकून गप्प होतात, मग हप्त्यांचं विचारतात.

(दृश्य: मिस्त्रींच्या टेबलावर एअर रायफलीचा हवेचा सिलिंडर.)

मिस्त्रींनीही आता हे काम उचललंय. हवेचा दाब २०० बार, सिलिंडरवर तारीख कोरलेली, दहा वर्षांनी तो बदलायचाच. रबरी सील झिजलं की हवा गळते. राज्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात अशा गळक्या रायफलींची इथे रांग लागते, आणि जवसाच्या तेलाची बाटली टेबलाखाली जाते.