मडकं कधीच भरलं नाही

हे लेबनन. समोर भूमध्य समुद्र, मागे डोंगर आणि किनाऱ्याला लागून सराफंद नावाचं गाव. पवित्र शास्त्रातलं सारफथ ते हेच. १९६९ ते १९७४ दरम्यान जेम्स प्रिचर्ड नावाच्या अमेरिकन संशोधकाने इथे खोदकाम केलं, तर जमिनीखाली सापडल्या भट्ट्या, मातीची भांडी भाजायच्या, एकदोन नाही, कुंभारांची अख्खी वस्तीच निघाली. म्हणजे मडक्यांना ह्या गावात कधी तोटा नव्हता. तोटा होता तो पिठाचा, आणि आपली गोष्ट ज्या घरातली आहे तिथे तर मूठभरच उरलं होतं.

काळ ख्रिस्तपूर्व नववं शतक. इस्राएलात अहाब राजा, त्याची राणी ईजबेल, सीदोनच्या राजाची मुलगी, आणि तिच्यामुळे दरबारात बआलची पूजा सुरू झालेली. बआल म्हणजे पाऊस देणारा असं लोक मानायचे. एलीया संदेष्टा सरळ राजापुढे उभा राहिला आणि म्हणाला, मी सांगेपर्यंत पाऊस नाही आणि दंवही नाही. आणि पाऊस गेलाच. एलीया करीथ ओहोळापाशी लपला, कावळे त्याला सकाळ संध्याकाळ भाकर आणि मांस आणून द्यायचे, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतोय, पण पुढचं वाक्य आपण घाईत वाचतो. काही दिवसांनी तो ओहोळही आटला. देवानेच तिथे पाठवलं होतं ना, तरी आटला. दुष्काळ एलीयालाही चुकला नाही.

मग देव त्याला पाठवतो कुठे, तर ईजबेलच्याच माहेरच्या मुलखात, ह्याच सारफथला, आणि तेही कुणा धान्याच्या व्यापाऱ्याकडे नाही, एका विधवेकडे. वेशीपाशी ती काटक्या वेचत होती. तो पाणी मागतो, ती आणायला वळते, मग तो म्हणतो येताना भाकरीचा एक तुकडा पण आण. तेव्हा ती बोलते, आणि काय बोलते! मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडंसं तेल, ह्या दोन काटक्या नेते, माझ्यासाठी आणि पोरासाठी शिजवते, आम्ही खाऊ आणि मग मरू. रडणं नाही, विनवणी नाही. जिने रोज उठून मडक्यात डोकावून बघितलंय अशा आईचं ते बोलणं आहे.

आणि एलीया म्हणतो, भिऊ नको, पण आधी मला एक लहान भाकर करून आण, मग तुमची कर. पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही, तेल आटणार नाही.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हेच वचन दाखवून गरीब बायकांकडून पैसे मागणारी माणसं आहेत, आधी द्या मग देव दहापट देईल म्हणणारी. त्यांनी पुढचं वाचावं. एलीया भाकर घेऊन निघून गेला नाही. तो त्याच घरात राहिला, माडीवरच्या खोलीत, तिघांचं जेवण त्याच मडक्यातून निघत होतं, दुसरीकडे त्याच्यासाठी काही राखून ठेवलेलं नव्हतं. आणि दहापट कुठेच लिहिलेलं नाही. पीठ सरलं नाही एवढंच लिहिलंय. मडकं काठोकाठ भरलं, कोठार उभं राहिलं, शेजारणी बघत राहिल्या, असलं काही नाही. ती रोज हात घालायची आणि रोज त्या दिवसाचं निघायचं, आणि रात्री झोपताना उद्याचं डोळ्यांनी बघून खात्री करायची सोय नव्हती. मला वाटतं खरा विश्वास तिने पहिल्या दिवशी ठेवला त्यापेक्षा दोनशेव्या दिवशी ठेवला.

इस्राएली लोक रानात भटकत होते तेव्हा त्यांच्यासाठी आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडायचं, तेही असंच होतं. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात बघा, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, रोज सकाळी वेचायचा. धण्यासारखा बारीक आणि पांढरा. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवला तर सकाळी किडे पडलेले आणि घाण वास. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा, तो मात्र नासायचा नाही. चाळीस वर्षं हे चाललं, आणि ज्या वेळी लोकांनी कनान देशात पोचून तिथल्या जमिनीचं धान्य खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद. शेत पिकायला लागलं, मग आकाशातून कशाला पडेल. आमची रोजची भाकर आज आम्हांस दे, असं प्रभू येशूने शिकवलं ते ह्याच लोकांच्या लेकरांना.

आणि सारफथच्या घरात पीठ होतं म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. त्याच घरात तो पोरगा आजारी पडला आणि गेला. आई एलीयावर ओरडली, माझं पाप आठवून द्यायला आणि माझ्या लेकराला मारायला आलास का तू? शास्त्राने तिचा हा राग लपवला नाही, आणि एलीयाही तिला गप्प बस म्हणत नाही. मुलाला उचलून वर नेतो आणि तोच प्रश्न तो देवाला विचारतो, ह्या विधवेवर पण का संकट आणलंस? मुलगा परत उठला, त्याने त्याला खाली आणून आईच्या हातात दिला.

आता पुणे जिल्ह्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंनी भूक पुस्तकात वाचली नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण, सगळे गेले, भाऊ आणि त्या उरल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी आल्या. एवढ्या मुलींना रोज दोन वेळचं द्यायचं म्हणजे काय, ज्यांनी दहा माणसांचं घर चालवलंय त्यांनाच कळेल. रमाबाई प्रार्थना करायच्या आणि विहिरी खणून घ्यायच्या, दोन्ही, आणि मुली शेती, विणकाम, छापखाना शिकायच्या. ह्या सगळ्यातून वेळ काढून त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. १९२४ मध्ये ते पुस्तक केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन संस्थेच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, तिथल्या बायकांनी छापलेलं.