लांब स्ट्रोक म्हणजे जास्त टॉर्क?

मघाशी मागच्या रांगेतून प्रश्न आला, "लाँग स्ट्रोक इंजिनाला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त असतो ना?" बोअर आणि स्ट्रोक या आजच्या विषयात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याच्यावर जरा वेळ घालवू.

सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, आणि पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जितकं अंतर जातो तो स्ट्रोक. आता ५०० सीसीचे दोन सिलिंडर घ्या. एकाचा बोअर १०० मिलिमीटर, स्ट्रोक साधारण ६४. दुसऱ्याचा बोअर ७५, स्ट्रोक ११३. लोक म्हणतात, स्ट्रोक लांब म्हणजे क्रँकचा (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याचा) हात लांब; लांब पान्याने नट सहज सुटतो, तसंच हे. पान्याचं खरंच आहे. पण पान्याला जोर लावणारा हातही बघा की! पहिल्या पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याचं ४४.२. दाब सारखाच धरला, तर दुसऱ्या पिस्टनवरचा जोर जवळपास निम्मा. क्रँकचा हात, म्हणजे स्ट्रोकचा निम्मा, ३.२ ऐवजी ५.७ सेंटिमीटर झाला, तरी क्षेत्रफळ आणि हात यांचा गुणाकार दोन्हीकडे २५०च येतो. टॉर्क ठरतो तो सीसीवर आणि आतल्या सरासरी दाबावर.

मग लाँग स्ट्रोकची गाडी खालच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला फेरे कमी असताना, दमदार का वाटते? कारण बोअर लहान असला की हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्हही लहान बसतात. कमी आरपीएमला त्यांतून हवा वेगाने शिरते, मिश्रण छान घुसळतं, सिलिंडर नीट भरतो. वर गेलं की तेच व्हॉल्व्ह गळा आवळतात. शिवाय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), फ्लायव्हील (फेरे एकसारखे ठेवणारं जड चाक), गिअरिंग, सगळं डिझायनरने खालच्या आरपीएमसाठीच जुळवलेलं असतं. श्रेय मात्र एकट्या स्ट्रोकला मिळतं.

रेव्हिंगचा, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरू शकतं याचा, हिशेब सोपा आहे. एका फेऱ्यात पिस्टन दोन स्ट्रोक चालतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला की पिस्टन, रॉड, बेअरिंग यांचे हाल सुरू होतात. रोजच्या वापराच्या इंजिनात तो बराच खाली ठेवतात. आपल्या आखूड सिलिंडरला ही मर्यादा ११,८०० आरपीएमच्या सुमारास लागते, लांबट्याला ६,६००लाच. टॉर्क तेवढाच पण फेरे जास्त, म्हणजे पॉवर जास्त. फॉर्म्युला वनची २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं १८,००० आरपीएमला फिरायची ती याच जोरावर: बोअर ९८, स्ट्रोक जेमतेम ४०.

मग सगळेच मोठा बोअर का घेत नाहीत? इथे उष्णता आडवी येते. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११ धरा. पिस्टन वर आला की दोन्हीकडे ५० सीसी जागा उरते. मोठ्या बोअरमध्ये ती तव्यासारखी पसरट, सहा-साडेसहा मिलिमीटर उंच. लहान बोअरमध्ये अकरा मिलिमीटर. पसरट जागेच्या भिंतींचं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर, दुसरीचं ११५. जितकी भिंत जास्त, तितकी उष्णता इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात वाया. ज्वाळेलाही लांब पळावं लागतं, आणि ती कोपऱ्यात पोचेपर्यंत नॉकिंगची, म्हणजे तिथलं मिश्रण आपोआपच पेटून ठोके बसण्याची, भीती. टोयोटाच्या अडीच लिटरच्या डायनॅमिक फोर्स इंजिनाचा बोअर ८७.५ आणि स्ट्रोक १०३.४ आहे, आणि कंपनी त्याची औष्णिक कार्यक्षमता ४० टक्के सांगते. त्या आकड्यामागे इतरही युक्त्या आहेत, पण लांब स्ट्रोक ही त्यांतली एक.

जाता जाता एक गंमत. ब्रिटनमध्ये एके काळी मोटारीवरचा कर ज्या हॉर्सपॉवरवर घेत, ती फक्त बोअर आणि सिलिंडरची संख्या यांवरून काढत. स्ट्रोक हिशेबातच नव्हता! साहजिकच तिथली इंजिनं बारीक आणि उंच होत गेली. यात थर्मोडायनॅमिक्स कुठेच नव्हतं.

आता लाँग स्ट्रोकचं टोकाचं उदाहरण, जहाजाच्या इंजिनाचं. वॉर्टसिला-सुल्झर आरटी-फ्लेक्स ९६सी: बोअर ९६० मिलिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर, १०२ आरपीएम, कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या घरात. त्याच्या पिस्टनचा वेग काढा बरं. सेकंदाला साडेआठ मीटर! फॉर्म्युला वनच्या इंजिनाचा २४. फेऱ्यांमध्ये पावणेदोनशे पटींचा फरक, पिस्टनच्या वेगात तिपटीच्याही आत.