४० मेगावॉटचं गोत्र

मंडळी, १५ नोव्हेंबर २०२४ला नेपाळची वीज भारतातून पहिल्यांदा बांगलादेशात पोचली. किती? ४० मेगावॉट. तिन्ही देशांच्या मंत्र्यांनी उद्घाटन केलं, टाळ्या झाल्या आणि त्याच दिवशी पुरवठा थांबलाही! करार दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याचाच, आणि मुहूर्त निघाला नेमका शेवटच्या दिवसाचा. पुढची वीज गेली ती जून २०२५मध्ये.

पाचच महिने का? नेपाळची बहुतेक वीजकेंद्रं वाहत्या नदीवर चालतात. आपल्या कोयनेला शिवसागराचा साठा आहे, तसा तिथे कुलेखानीच्या धरणासारखा अपवाद सोडला तर नाही. पावसाळ्यात वीज उतू जाते. हिवाळ्यात नद्या रोडावतात, उत्पादन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं आणि मग नेपाळ भारताकडून वीज विकत घेतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तर तिथल्या हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन असायचं. आपल्याकडे तीन तास वीज गेली की आपण सरकार बदलायला निघतो!

बांगलादेशचं उलट. पंखे आणि एसी जोरात असतात तेव्हाच नेपाळच्या नद्या भरलेल्या. पत्रिका छान जुळते, फक्त दोघांची हद्द एकमेकांना लागत नाही. मध्ये सिलिगुडीची चिंचोळी पट्टी, जेमतेम २२ किलोमीटरची. पण तिथून तार गेलेली नाही. नेपाळच्या ढल्केबरहून वीज बिहारात मुझफ्फरपूरला उतरते आणि बंगालमधल्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेडामाराला जाते. हे मनीऑर्डरसारखं आहे: नोट तीच नसते, रक्कम तीच. भेडामाराला आणखी एक गंमत. भारत आणि बांगलादेश यांची वीजतारांची जाळी एका तालावर चालत नाहीत, म्हणून आपली एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज तिथे आधी डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) करतात आणि लगेच पुन्हा एसी. जाळी वेगळी राहतात, एकीकडचा गोंधळ सहसा दुसरीकडे जात नाही. २०१३पासून हे सुरळीत चाललंय, म्हणजे अडचण यंत्रांची नाही.

अडचण गोत्राची आहे. तारेतली वीज आपलं गोत्र सांगत नाही, भारत मात्र विचारतो. २०१८चे नियम आणि २०२१ची कार्यपद्धती यांमुळे चिनी गुंतवणूक असलेल्या केंद्राची वीज आपल्या जाळ्यातून पुढे जाऊ शकत नाही. चीनबद्दलची धास्ती मला कळते. पण नेपाळच्या प्रत्येक केंद्राला परवानगीसाठी दिल्लीचं दार वाजवावं लागत असेल, तर तो विक्रेता कसला? जानेवारी २०२४मध्ये दहा वर्षांत नेपाळकडून १०,००० मेगावॉट घ्यायचा करार आपणच केला. त्यापुढे हे ४० म्हणजे चिमूटभर. बांगलादेशची उन्हाळ्यातली मागणी १६,००० मेगावॉटवर जाते, तिचा हा पाव टक्कासुद्धा नाही.

तरीही मला हे ४० महत्त्वाचे वाटतात, कारण भारत इथे गिऱ्हाईक नाही, नुसती वाट देणारा आहे. युनिटला ६.४० अमेरिकन सेंट दर ढाक्यानं नेपाळला द्यायचा, आपण वाहतुकीचे पैसे घ्यायचे. वाटेचा धनी वाटेतच माल अडवत नाही, असा भरवसा बसला तर आकडा वाढेल.

आता हिवाळ्याचं बघा. तेव्हा ढाक्यातली मागणी उतरते, तिथली कितीतरी केंद्रं रिकामी बसतात आणि नेपाळला वीज हवी असते. तारा त्याच, मनीऑर्डर उलटी करायची. पण या करारात वीज एकाच दिशेनं जाते.