इडलीचं दावं

श्रोतेहो, नमस्कार.

फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या अंगाला आमचं कुळागर आहे. कुळागर म्हटलं की गोव्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ते उभं राहतंच. तरी सीमेपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गाकडे कोणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी सांगते. डोंगराच्या कुशीत झर, तिचं पाणी पाटाने खाली आणलेलं. वर माड, मधे पोफळी, पोफळींच्या अंगावर मिरीचे वेल, खाली केळी, अननस, कडेला कोकम आणि जायफळ. घरात सासूबाई, आम्ही दोघं, १२ वर्षांची थोरली आणि ८ वर्षांचा धाकटा. गोठ्यात दोन गायी आणि एक पाडी. कोंबड्या किती ते सांगत नाही. मोजल्या की दुसऱ्या दिवशी मुंगूस एक उचलतो, असा सासूबाईंचा अनुभव आहे.

मला आज शेतावरच्या मुलांच्या हस्तकलेवर बोलायला सांगितलंय. आमच्याकडे हा शब्द फक्त शाळेच्या वहीत असतो. थोरलीने एकदा आइस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं होतं. छान झालं होतं, शेराही छान मिळाला. ते दोन वर्षं कपाटावर आहे, आणि पाल सोडून त्यात कोणी राहायला गेलेलं नाही. त्याच मुलीने कोंबडीच्या पिल्लांसाठी पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाशी असणाऱ्या रुंद पापुद्र्याची, पाण्याची पन्हळ केली, ती पहिल्या दिवशीच पिल्लांनी उलटी केली. मग तिने कडा जास्त उंच दुमडल्या, माडाच्या हिराने टाचल्या, खाली दोन दगड लावले. शेरा कोणी दिला नाही, पण पिल्लं पाणी प्यायली. वस्तूची वाट बघणारं कोणी असलं की मुलांचा हात वेगळा चालतो, एवढंच मला दिसलंय. तेच दाव्याच्या गोष्टीतून सांगते.

आमची पाडी पांढरीशुभ्र. गोव्याच्या गावठी गायीची आता 'श्वेतकपिला' या नावाने देशाच्या यादीत स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, त्यातली ही. दूध थोडं, दिवसाला दोन-अडीच लिटर, पण डोंगरउतारावर चरते, पावसाला दबत नाही आणि खुराकाचे नखरे नाहीत. पाडी जन्मली तेव्हा धाकट्याने नाव ठेवलं इडली. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. गायीचं नाव कपिला असावं, मोरी असावं. आठवडाभर त्यांनी कपिला म्हणून हाका मारल्या, पाडी ढुंकून बघेना. शेवटी एके सकाळी गोठ्यातून हळूच आवाज आला, "ये गो इडली." मी चुलीपाशी होते, ऐकलं नाही असं दाखवलं.

तर इडलीला दावं हवं होतं. बाजारात नायलॉनची दोरी मिळते, स्वस्त आणि पक्की. पण ती मानेला कापते आणि ओली झाली की गाठ सरकते. सासूबाई म्हणाल्या, सुंभाचं वळा. सांगितलं कोणाला, तर मुलांना. आणि कधी, तर चवथीच्या दिवसांत. तेव्हा मुलांच्या अंगात दोरीच भरलेली असते. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी, म्हणजे फळं-फुलं टांगायच्या लाकडी चौकटीसाठी, आम्ही केवणीच्या सालीचे दोर वापरतो. रानातून केवणीच्या काठ्या आणायच्या, साल ओढून काढायची, ओली असतानाच वळायची. मग त्यावर कांगण्या, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे शिपटे टांगायचे. धाकटा त्या आठवड्यात हाताला लागेल ते वळत होता. बापाच्या चपलेचा अंगठासुद्धा त्याने सालीने बांधून ठेवला होता.

केवणीचा दोर तासाभरात होतो. सुंभाचं तसं नाही. विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मुलांकडून नारळाची सोडणं गोळा करून पाटाच्या शेवटच्या टोकाला खड्ड्यात पुरायला लावली. वर चिखल, त्यावर दगड. धाकट्याने विचारलं, कधी काढायची? त्या म्हणाल्या, शिगम्याला. म्हणजे सहा-सात महिने! तो रोज शाळेतून आला की दप्तर टाकून खड्डा बघून यायचा. दिवाळीपर्यंत हे चाललं, मग विसरला.

एवढा वेळ का लागतो? सोडणातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारा जो चिकटा असतो, तो पाण्यातले जीवाणू सावकाश खात बसतात. तो कुजला की काथ्या बडवून सुटा करता येतो. तंतू सहजी कुजत नाही, म्हणून तर सुंभ पावसात टिकतो. घाईने काढलं तर सोडण फुटत नाही, आणि फोडलंच तर तंतू तुटके निघतात.

मधल्या काळात काय झालं ते भराभर सांगते, कारण समोरच्या काचेतून ताई मला घड्याळ दाखवतायत. सुपारी उतरली, खळ्यात वाळली. एक कोंबडी खुडूक बसली, एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. माकडं शहाळी फोडून गेली. मुलांना खेळायला पोफळीच्या विरी मिळाल्या. एक पोफळ वर्षाला ५-६ झावळ्या टाकते, आणि प्रत्येक झावळीच्या बुडाशी ती रुंद चामड्यासारखी विरी. एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने झावळीचा दांडा धरून ओढत पळायचं. थोरली आता मोठी झाली म्हणून ओढायचं काम करते, पण उतारावर कोणी नसेल तेव्हा स्वतः बसते. मीही बसले आहे. माझं माहेर पेडण्याला, तिथेही आम्ही हेच करायचो, फक्त तिकडच्या वाटेवर दगड जास्त.

शिगम्यात खड्डा उघडला आणि असा वास सुटला की कुत्रा उठून मांगराच्या, म्हणजे कुळागरातल्या खोपीच्या, मागे गेला. नासक्या अंड्यांचा वास. मुलं नाकाला फडकी बांधून दगडावर सोडणं ठेवून लाकडी दांडक्याने बडवायला लागली. पहिल्या दिवशी दोघांची भांडणं, कोणी जास्त बडवलं यावरून. दुसऱ्या दिवशी हाताला फोड. तिसऱ्या दिवशी काथ्या धुऊन खळ्यात वाळत पडला होता, आणि धाकटा त्यावर कोणाला पाय ठेवू देत नव्हता.

वळायला सासूबाईंनी बसवलं. काथ्याचे दोन पुंजके घ्यायचे, तळहातांमध्ये घोळवून दोघांना एकाच दिशेने पीळ द्यायचा, आणि मग ते दोन पदर एकमेकांभोवती उलट दिशेने गुंफायचे. प्रत्येक पदर उलगडायला बघतो, तो उलगडताना दुसऱ्याला आणखी आवळतो. म्हणून सोडून दिला तरी सुंभ सुटत नाही. थोरलीला हे लगेच कळलं, तिने ते शाळेत बाईंनाही करून दाखवलं. धाकट्याला कळलं नाही, पण त्याचे हात तिच्यापेक्षा जोरकस. दावं त्याने एकट्याने पुरं केलं. गळ्याला काचू नये म्हणून फासाला आजीच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी इडलीला बांधली.

रात्री दावं तुटलं.

आमच्या खळ्याच्या कडेला सासूबाईंची अबोली आहे. रोज संध्याकाळी केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात फाती, म्हणजे फुलांची वेणी, गुंफायची, देवाला घालायची आणि उरलेली केसात माळायची, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. पाडव्याच्या सकाळी त्या अबोलीला नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि शेजारी इडली तोंड हलवत उभी. धाकटा रडायला लागला. रडता रडता म्हणाला, दावं चांगलंच होतं, इडलीच आडदांड आहे. सासूबाईंनी तुटलेली टोकं हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बाबू, वासरू चुकत नाही. हे बघ, भर कुठे घातलीस?"

सुंभ वळताना काथ्या संपत आला की पदरात नवी भर घालावी लागते. ती एका पदरात इथे घातली, तर दुसऱ्या पदरात वीतभर पुढे घालायची. त्याने दोन्ही पदरांत एकाच जागी घातली होती, आणि दावं नेमकं तिथेच सुटलं. परीक्षकाने रागावावं, समजवावं, गुण कापावेत असं काही झालं नाही. इडलीने एक हिसका दिला आणि निकाल लावला. त्या पाडव्याला देवाला फाती फोंड्याच्या बाजारातून आली आणि सासूबाईंचं डोकं रिकामं राहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं असावं.

दुपारी जेवण झाल्यावर तो एकटाच मांगरात बसला. मी डोकावले नाही. थोरली जाऊन आली आणि म्हणाली, त्याने सगळं दावं उसवलंय, नवीन वळतोय, आणि भर घातली की त्या जागी खडूने खूण करतोय.

ते दुसरं दावं अजून टिकून आहे. मृग लागायच्या आधी माझे यजमान पोफळींवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारतात, त्या दिवशी गुरं लांब फणसाखाली बांधावी लागतात. मोरचुदाचं पाणी पडलेलं गवत त्यांच्या तोंडी जायला नको. यंदा इडली दिवसभर तिथे होती, दाव्याला ओढ देत, हिसके मारत. धाकटा तीनदा जाऊन बघून आला.

अबोली पुन्हा फुटली आहे. तिच्याभोवती थोरलीने कुंपण विणलंय, झावळ्यांचं. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आत्ता सासूबाईंनी रेडिओ गोठ्याच्या खिडकीत ठेवला असेल, आणि सगळे तिथे उभे असतील. धाकट्याने निघताना बजावलं होतं, रेडिओवर इडलीचं नाव घे, कपिला म्हणू नकोस. घेतलं रे बाबू.

नमस्कार.