आतडी आत ढकलायची घाई नको

खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीचा पट्टा, पावसाळ्यात इथं लाईट पण जाते आणि रेंज पण. अशात बाळ जन्मलं आणि आतडी पोटाबाहेर दिसली की घरातली आज्जी म्हणणार, सुनेनं ग्रहणात विळी धरली असणार. नाही हो आज्जी, ग्रहणाचा काहीएक संबंध नाही.

पोटाची भिंत नीट जुळलेली नसते, एवढंच. याचे दोन प्रकार. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये बेंबीच्या बहुतेक उजव्या बाजूला भोक, वर आवरण नाही, आतडी गर्भजलात भिजून सुजलेली. विशीच्या आतल्या आयांच्या बाळांत हे जास्त दिसतं. ऑम्फॅलोसीलमध्ये बेंबीतूनच पातळ पडद्याची पिशवी बाहेर येते, कधी लिव्हर सुद्धा त्यात. दिसायला हे बरं वाटतं पण याच बाळांत हार्टचे आणि क्रोमोसोमचे दोष जास्त, म्हणून इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करतातच.

आता पहिला तास. ओलं फडकं गुंडाळून ठेवलं तर बाळ गार पडतं, त्यापेक्षा छातीपासून खाली स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं, उजव्या कुशीवर, म्हणजे आतड्याला रक्त नेणारी शीर मुरगळत नाही, नाकातून पोटात नळी, सलाईन, ऊब, आणि १०८ नं सरळ बेळगाव. निपाणीकडच्यांना कोल्हापूर पण आहेच.

इथं लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे आत ढकललं, टाके घातले, झालं! कधी होतं पण तसं. पण पोटात जागाच नसेल आणि जबरदस्तीनं कोंबलं तर दाब वाढतो, श्वास अडतो, लघवी थांबते, आतडं काळं पडतं. म्हणून अशा वेळी आतड्यावर सायलो नावाची सिलिकॉनची पिशवी बसवून वर टांगतात, रोज थोडं थोडं आत सरकवतात, काही दिवसांनी पोट बंद. तयार सायलो महाग, म्हणून आपल्याकडे युरोबॅग, म्हणजे लघवी जमा करायची पिशवी, कापून शिवणारे सर्जन पण आहेत, आणि मला तरी यात कमीपणा वाटत नाही.

ऑम्फॅलोसील फारच मोठं असलं तर लगेच कापाकापी नाहीच, पडद्यावर औषध लावत राहतात, हळूहळू त्यावर कातडी चढते, बाळ पोटावर फुगा घेऊनच घरी जातं आणि तो हर्निया पुढं कधीतरी दुरुस्त करतात.

पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये यातलं बरंच दिसतं, तेव्हा बाळंतपणच मोठ्या दवाखान्यात ठरवायचं. गॅस्ट्रोस्किसिस आहे म्हणून सिझरच पाहिजे असं काही नाही.

आणि ऑपरेशननंतर नातेवाईक रोज विचारतात, दूध कधी? आतडं चालू व्हायला आठवडे लागतात, तोवर पोषण शिरेतून. नळीतून येणारं हिरवं पाणी कमी झालं की मग आईचं दूध, सुरुवातीला एक-दोन मिली.