अंदमानला बोटीने जायचंय? मग आधी तारखेचं ऐका

"ताई, विमान परवडत नाही, बोटीने गेलं तर?" अंदमानच्या व्हिडिओखाली या एका प्रश्नाची रांग लागली आहे. कुणी चेन्नईचं विचारतंय, कुणी कोलकात्याचं. एका दादांनी तर भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटते का, असं विचारलंय. नाही सुटत, दादा. अंदमान बंगालच्या उपसागरात आहे. मुंबईहून निघालं तर श्रीलंकेला वळसा घालून जावं लागेल, आणि तसं प्रवासी जहाज नाही. तेव्हा आजचा अख्खा व्हिडिओ बोटीवर.

त्याआधी विमानाचं उरकून टाकते, कारण ते तुम्हाला जमतंच. चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली इथून थेट विमानं आहेत. चेन्नईहून दोन-सव्वादोन तास लागतात. मुंबई-पुण्याहून थेट मिळालं तर उत्तम, नाहीतर मध्ये एक थांबा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा; वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याचे पैसे गेले. जोराच्या पावसात उतरता आलं नाही तर विमान सरळ मागे, चेन्नईला किंवा कोलकात्याला जातं, कारण जवळपास उतरायला दुसरा नागरी विमानतळच नाही. म्हणून जून-जुलैत जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशीचं काहीही आगाऊ ठरवू नका. झालं विमानाचं.

आणि हो, नावावरून बरेच जण गोंधळलेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजय पुरम झालं. विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे, त्याचा कोड आयएक्सझेड, तिकीट शोधताना तोच टाका. एका मुलाने विचारलं होतं, "चेन्नईहून थेट हॅवलॉकला बोट जाते का? यादीत स्वराज द्वीप लिहिलंय." छान निरीक्षण आहे, पण ते जहाजाचं नाव आहे, एम. व्ही. स्वराज द्वीप. हॅवलॉक बेटाला ते नाव २०१८ च्या डिसेंबरात मिळालं, जहाजाला त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मुख्य भूमीवरून येणारं जहाज आधी श्री विजय पुरम शहरात, हॅडो धक्क्याला लागतं. हॅवलॉकची बोट तिथून पुढे वेगळी.

आता जहाज. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम ही तीन बंदरं. चेन्नईहून समुद्रमार्गे साधारण १,१९० किलोमीटर, कोलकात्याहून १,२५५, विशाखापट्टणमहून १,२००. चेन्नई आणि कोलकात्याहून महिन्याला तीन-चार फेऱ्या धरा, विशाखापट्टणमहून एखादी. साठ ते सत्तर तास लागतात. म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर. सलग तीन दिवस त्या वेगाने पाण्यावर. तिकिटात वर्ग असतात, वरच्या केबिनपासून खाली बंकपर्यंत. बंक म्हणजे मोठ्या दालनात एकावर एक बर्थ. भाडं स्थानिक द्वीपवासीयांना सवलतीचं आणि आपल्याला जास्त, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मित्राने सांगितलेला आकडा आपल्याला लागू होत नाही.

आता ज्यासाठी कॅमेऱ्यासमोर बसले ते. जहाजाची तारीख ही रेल्वेच्या तारखेसारखी नसते. आपल्याला सवय आहे दोन महिने आधी आरक्षण काढायची, कोकणकन्या रात्री सुटणार म्हणजे सुटणार. इथे फेऱ्यांची यादी थोडेच आठवडे आधी लागते, आणि लागलेली तारीखसुद्धा सरकू शकते. हा कुणाचा ढिसाळपणा नाही, हे आधी समजून घ्या. कोलकाता बंदर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, हुगळी नदीवर आहे. खिदिरपूरच्या गोदीतून जहाज बाहेर काढायचं तर भरतीचं पाणी लागतं, गोदीचा दरवाजा उघडावा लागतो, नदीत वाट दाखवणारा पायलट लागतो. भरती काय आपल्या घड्याळाप्रमाणे येत नाही. चेन्नईचं बंदर उघड्या समुद्रावर आहे, तिथे भरतीची अडचण नाही, पण उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की जहाज थांबवतात. शिवाय जहाजांची तपासणी असते, दुरुस्ती असते, आणि एक जहाज गोदीत गेलं की पुढच्या सगळ्या तारखा हलतात.

माझंच सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी उलटं केलं. आधी दादरहून चेन्नईचं रेल्वेचं तिकीट, मग पोर्ट ब्लेअरमधली खोली, मग परतीचं विमान, सगळं पक्कं केलं आणि शेवटी जहाजाकडे वळले. नोव्हेंबर होता. चेन्नईला उतरले आणि कळलं की समुद्र खवळलाय, जहाज आज नाही. उद्याही नाही. राजाजी सालईवर पोर्टच्या फाटकाशी मी चार दिवस सकाळ-संध्याकाळ चक्कर मारत होते. सोबत अंदमानातल्या रंगतला परतणारं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे ओल्या गोणपाटात गुंडाळलेली आंब्याची सहा कलमं. ती आजी रोज नळाखाली गोणपाट भिजवायची आणि मला म्हणायची, "जहाज निघेल तेव्हा निघेल, ही जगली पाहिजेत." त्यांनी हातात आठवडा ठेवला होता. माझ्याकडे होते फक्त सुट्टीचे आठ दिवस, त्यातले चार चेन्नईच्या लॉजवर गेले. शेवटी जहाज सुटलं, पण पोचल्यावर जेमतेम दीड दिवस मिळाला. सेल्युलर जेल पाहिलं आणि विमानतळावर गेले.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जहाजाचं तिकीट हातात. त्यानंतर चेन्नईपर्यंतची गाडी, तीही जहाजाच्या दोन दिवस आधी पोचणारी. श्री विजय पुरममधली खोली पहिल्या दोन रात्रींपुरतीच. आणि परतीचं विमान असं घ्या, ज्याची तारीख बदलता येईल.

यावर लोक म्हणतात, "पण ताई, आमच्या एजंटने तारीख पक्की सांगितलीय." कशी सांगेल तो? त्याच्या हातात ना भरती आहे ना वारा. त्याला जाहीर यादीतलीच तारीख दिसते, ती तुम्हालाही दिसते. अंदमान प्रशासनाच्या नौवहन खात्याचं संकेतस्थळ आहे, शिपिंग कॉर्पोरेशनची कार्यालयं आहेत, तिथे स्वतः विचारा. हल्ली सगळं हातातल्या फोनवर होतं म्हणून आपण समजतो की समुद्रही फोनवर बुक होतो. मला याचा खरंच त्रास होतो, कारण दरवर्षी कुणी तरी म्हातारे आई-वडील घेऊन चेन्नईला अडकतात आणि मला मेसेज करतात.

आणि स्वस्ताचं म्हणाल तर तेही तारखेवरच येऊन ठेपतं. बंकचं भाडं विमानापेक्षा कमी असतं, मान्य. पण त्यात चेन्नईतले थांबायचे दिवस घाला, तिथला लॉज, खाणं, रिक्षा. जहाजावरचं जेवण बहुधा तिकिटात धरलेलं नसतं. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला, म्हणजे आठवडा नुसता पाण्यावर. ज्यांना दहा दिवसांची रजा मिळते त्यांच्यासाठी हे गणित बसत नाही. पैसे वाचवायचे असतील तर गर्दीचा हंगाम टाळून विमानाचं तिकीट लवकर काढा, जास्त वाचतील. बोट घ्यायची ती समुद्र पाहण्यासाठी. आणि घ्यायचीच तर जाताना घ्या, येताना विमान. जाताना उशीर झाला तर अंदमानचा एक दिवस कमी होतो, येताना झाला तर कामाचा खाडा होतो.

बोट लागण्याबद्दल. माझी आजी रत्नागिरीहून मुंबईला बोटीने यायची, तिच्याकडे पदराला बांधलेलं लिंबू असायचं. लिंबू हुंगून बरं वाटतं, पण तीन दिवसांसाठी तेवढ्यावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि ती उलट्या सुरू होण्याआधी घ्या, नंतर पोटात ठरत नाही. पहिल्या रात्री मी बंकमध्ये आडवी होते, डिझेल आणि फिनेलचा वास, वरच्या बर्थवर कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि अंगाखालची गादी एका बाजूला सरकून परत येत होती. वर डेकवर गेले, वारा लागला आणि दहा मिनिटांत बरं वाटलं. खाली पडून राहू नका, वर या. दुसऱ्या दिवशी किनारा नाही, जहाज नाही, काही नाही. पाणी काळपट निळं. आणि त्यातून चांदीच्या पट्ट्यांसारखे उडणारे मासे, एकदम वीस-पंचवीस, पाण्यावरून सरळ जायचे आणि परत आत.

आता शेवटची कमेंट. साताऱ्याच्या एका मुलीने लिहिलंय: "बाबांना विमानाने नाही जायचं. ते म्हणतात, तात्याराव जसे गेले तसं समुद्रातून जायचं. वय ७१." ही कमेंट वाचून मी बराच वेळ गप्प होते. सावरकरांना १९११ मध्ये मद्रासहून 'महाराजा' नावाच्या बोटीतून नेलं, ४ जुलैला ते तिथे पोचले. काळं पाणी म्हणायचे ते हेच पाणी. बाबांची इच्छा पुरी करा. चेन्नईहून जा, म्हणजे वाट साधारण तीच. जून-जुलै नको, फेब्रुवारी-मार्च धरा, समुद्र शांत असतो. बंक नको, केबिन घ्या, आणि खालचा बर्थ मागून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्याच्या जास्त ठेवा. त्या कशासाठी, ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि एक. अंदमान इतकं पूर्वेला आहे की आपल्या घड्याळाप्रमाणे तिथे फार लवकर उजाडतं. जहाज सकाळी पोचणार असेल तर बाबांना साडेचारलाच उठवा, स्वेटर घालून डेकवर डाव्या-उजव्या कुठल्याही कठड्याला उभं करा. आधी नुसती गडद रेघ दिसते, मग झाडं. हॅडोला उतरल्यावर रिक्षावाल्याला सेल्युलर जेल म्हणायचं, सामान खोलीवर टाकायला नंतर जा.