तार निघाल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

दातांना तार लावलेली असते तोवर सगळं घर लक्ष ठेवून असतं. पोरगी दर महिन्याला तालुक्याला जाते, फुटाणे बंद असतात, ऊस दाताने सोलायचा नाही हे धाकट्या भावालाही पाठ झालेलं असतं. मग एक दिवस तार निघते, आरशात दात ओळीत दिसतात, आणि उपचार संपले असं घरादाराला वाटतं. श्रोतेहो, उपचार संपलेले नसतात. तार दात जागेवर आणते. त्या जागेवर दात राखायचं काम रिटेनरचं, म्हणजे तार निघाल्यावर दातांवर घालायच्या किंवा मागून चिकटवायच्या साधनाचं.

ते का लागतं, एवढंच आधी सांगतो. दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. तारेने दात सरकला की हे तंतू ताणले जातात. नव्या जागी बसायला त्यांना तीन-चार महिने लागतात, आणि हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. संत्र्याचं नवं कलम आपण काठीला बांधून ठेवतो, मुळं धरेपर्यंत सोडत नाही. तसंच हे. म्हणून पहिले काही महिने रिटेनर रात्रंदिवस, फक्त जेवताना आणि दात घासताना काढायचं. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त रात्री. आणि हे रात्रीचं वापरणं वर्षानुवर्षं चालू ठेवायचं, कारण वय वाढतं तसे खालचे पुढचे दात गर्दी करतातच.

आता एका आजीची गोष्ट ऐका. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली आजी. नात बारावीला, कॉलेज तालुक्याला. तार काढली तेव्हा पोरीला पारदर्शक रिटेनर दिलं होतं. पातळ प्लास्टिकचं, सगळे दात झाकून घट्ट बसणारं. घातलेलं कोणाला दिसत नाही, म्हणून कॉलेजच्या मुलींना तेच हवं असतं. पोरगी सांगितल्याप्रमाणे ते नीट वापरत होती.

एका सकाळी एसटी पकडायच्या घाईत ते मोरीच्या कट्ट्यावर राहिलं. आजीच्या हाताला लागलं. आजीच्या घरात स्वच्छ करणं म्हणजे उकळणं. बाळाची वाटी-चमचा उकळायचा, दुखणाईताचा पेला उकळायचा. तिने चुलीवर आधण ठेवलं, वरून चिमूटभर मीठ टाकलं आणि रिटेनर आत सोडलं. संध्याकाळी पोरीने घालून पाहिलं, तर डावीकडून बसलं की उजवीकडून उचलून यायचं. आजीला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली. कापसाला भाव नव्हता, नव्याचे पैसे बापाला कोणत्या तोंडाने मागायचे, म्हणूनही गप्प राहिली. दिवाळी गेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण तिच्या आईला म्हणाली, "काहो, हिचे दात पुन्हा तसेच होऊन राहिले का?" तेव्हा घरात कळलं. खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढायला लागले होते.

आजी स्वतः नातीला घेऊन दवाखान्यात आली. लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि ते वाकडं झालेलं प्लास्टिक माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "डॉक्टर, पोट्टीले बोलू नका. तिची चूक नोय. म्याच उकळलं ते. मले वाटलं, गरम पान्यात टाकलं का जंतू मरते."

आजीला बोलण्यासारखं काही नव्हतंच. गरम पाण्यात ते वाकतं हे तिला सांगणार कोण? माझं ठाम मत आहे, पोराबाळांच्या उपचाराच्या सूचना आई-आजीला आत बोलावून, त्यांच्या समोर द्याव्यात. घर त्या चालवतात आणि आपण त्यांना बाहेरच्या बाकावर बसवतो.

मग आजीने मला विचारलं, "उकळनार नाही, हारपनार नाही, कुत्रं पळवनार नाही, असं काई नाही का तुमच्याजवळ?"

आहे. त्याला फिक्स्ड रिटेनर म्हणतात. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडून, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत बारीक पिळाची तार चिकटवतात. ती काढायची नसते, म्हणून हरवत नाही. पोरीचे खालचे दात काही महिने पुन्हा तार लावून सरळ केले आणि मागून ही तार चिकटवली. आजीने चष्मा सावरला, नातीचा ओठ बोटाने खाली ओढला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दिसत त नाही वो कुठीच." त्या दिवशी बाहेर बसलेल्या दोन मुलींच्या आयांना रिटेनर उकळायचं नाही हे आजीनेच समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

या चिकटवलेल्या तारेमागे अन्न आणि कीट साचतं. तिथे बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो. एखाद्या दातावरून ती सुटली तर दुखत नाही, कळतही नाही, आणि तेवढाच दात सरकतो. म्हणून तपासणी चुकवायची नाही.

वरच्या दातांसाठी त्या पोरीला हॉली प्लेट दिली. टाळूला बसणारी अ‍ॅक्रिलिकची प्लेट आणि पुढच्या दातांवरून जाणारी स्टीलची तार. शंभर वर्षांपासून वापरात आहे. तार दिसते, पहिले काही दिवस बोलताना जीभ अडखळते. पण ती टिकाऊ आहे, आणि तार थोडी सैल झाली तर डॉक्टर ती आवळून देऊ शकतात. खेड्यातल्या, शेतात-रानात वावरणाऱ्या मुलांना मी हीच आधी सुचवतो. पारदर्शक रिटेनर दात करकरा खाणाऱ्यांचं लवकर फाटतं.

काढता येणारं रिटेनर एक तर तोंडात, नाही तर डबीत. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून ठेवलं की ते पत्रावळीबरोबर जातं. उशाखाली ठेवलं की मोडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीत ठेवलं की पारदर्शक रिटेनर तापून वाकतं. पुन्हा सांगतो, एक तर तोंडात, नाही तर डबीत. धुवायचं साध्या थंड पाण्याने, मऊ ब्रशने. पारदर्शकवर टूथपेस्ट घासू नका, ओरखडे पडतात.

आणि ज्या पोरांच्या तोंडात खर्रा आहे, त्यांच्या आईबापांनी सरळ दातांवर पैसे घालण्याआधी तो खर्रा सोडवावा. सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासं झालेली विशीतली मुलं मी पाहतो. अशा तोंडात प्लेट घालायची तरी कशी?

तपासणीला जायला गाडीभाड्याची अडचण सांगतात. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायाबापड्यांना अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून मुली आणि त्यांच्या आया जास्त नेमाने येताना मी पाहतो. मुलांनाही असंच पाठवा. दात सरळ करायचे ते मुलीच्या लग्नासाठी, मुलाचे राहिले तरी चालतील, हे मला अजिबात पटत नाही. वाकड्या दातांत अन्न मुलाच्याही अडकतं.

रिटेनर घालताना थोडं घट्ट लागलं, तर घालणं वाढवा. बसतच नसेल तर जोर करू नका, दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे, दोन्हीकडे हे काम होतं. जाताना जुनं रिटेनर सोबत न्या, मोडकं असलं तरी. ते कुठे मोडलं, कुठून उचललं जातं, यावरून दात कुठे सरकला ते डॉक्टरांना कळतं.

नमस्कार.